इंदूरहून ओंकारेश्वर : बस, नाव आणि बेट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रामबागेतल्या आमच्या घरी पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी खाता खाता विषय निघतोच, "ओंकारेश्वर इथून जवळच ना गं?" पाठोपाठ बस कुठली, नाव बरी की पूल, आजीचे गुडघे, परतीची वेळ असं सगळं सुरू होतं. वडिलांचं बोट धरून मी या वाटेनं पहिल्यांदा गेले, आता मुलांना घेऊन जाते. इंदूरची मंडळीही फोन करून तेच ते विचारतात, म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच नीट लिहून काढले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओंकारेश्वर खरोखरच बेट आहे का? नकाशात तर नदीकाठचं गाव वाटतं.

खरंखुरं बेट आहे. नर्मदेच्या पात्रात मांधाता नावाचा डोंगर उभा आहे, साधारण चार किलोमीटर लांब. दक्षिणेच्या अंगानं नर्मदेचा मोठा प्रवाह जातो. उत्तरेकडच्या फाट्याला इथले लोक कावेरी म्हणतात. ही दक्षिण भारतातली कावेरी नव्हे, नाव तेवढं तेच. पश्चिमेच्या टोकाला दोन्ही पाणी एकत्र येतं, तो संगम.

गाव मात्र दोन्हीकडे विभागलेलं आहे. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर, तर बसस्थानक, बऱ्याचशा धर्मशाळा, बाजार आणि ममलेश्वराचं देऊळ दक्षिण काठावर. त्यामुळे "ओंकारेश्वरला पोहोचलो" असं बसमधून उतरून फोनवर सांगता तेव्हा बेट अजून समोरच असतं. बेटाचा आकार ॐ सारखा आहे असं म्हणतात. पाण्यातून तो आकार कळत नाही, दिसतो तो काळा कडा, त्याला चिकटून चढत गेलेली घरं आणि मध्ये देवळाचं पांढरं शिखर.

२. इंदूरहून किती अंतर, किती वेळ?

अंतर ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर. बसनं अडीच ते तीन तास धरा. तेजाजी नगर सोडलं की सिमरोल, म्हणजे आयआयटी आहे ते गाव, मग भेरूघाट, बाईग्राम, बलवाडा, बडवाह, नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल, आणि तिथून डावीकडे वळून आणखी बारा किलोमीटर.

"ऐंशी किलोमीटरला तीन तास कसे?" असं पुण्याची मंडळी विचारतात. याचं कारण घाट. भेरूघाटात एक ट्रक बंद पडला की मागे दोन-दोन किलोमीटर रांग लागलेली मी पाहिली आहे. रस्ता चौपदरी करण्याच्या कामात घाटाच्या भागात बोगदे घेतले आहेत, त्यानं फरक पडतो. तरी माझं मत असं, की वेळ जास्तीचाच धरून निघावं. अडीच तासांत पोहोचलात तर घाटावर अर्धा तास निवांत बसायला मिळेल, त्यात तोटा काहीच नाही.

३. इंदूरमध्ये बस कुठून धरायची?

सरवटे बसस्थानकापासून सुरुवात करा. रेल्वे स्टेशनला लागूनच आहे, त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्यांना सोयीचं. तात्या सरवट्यांच्या, म्हणजे संविधान सभेत बसलेल्या विनायक सीताराम सरवटे यांच्या नावानं हे स्थानक आहे, हे आपल्या मुलांना जाता जाता जरूर सांगा. खंडवा रस्त्याच्या गाड्या भंवरकुआँ, तेजाजी नगर चौकात उभ्या राहून सवारी घेतात. राजेंद्र नगर, सुदामा नगरकडच्यांनी शहराच्या मध्यात उलटं जाण्यापेक्षा भंवरकुआँला जाऊन गाडी धरलेली बरी.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मध्य प्रदेशात महाराष्ट्रासारखी एसटी नाही. राज्याचं परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळलं गेलं, तेव्हापासून या मार्गावर खासगी गाड्या धावतात. म्हणून "वेळापत्रक कुठे मिळेल?" या प्रश्नाला माझं उत्तर एकच, आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन दोन कंडक्टरांना विचारा. दोघांनी एकच वेळ सांगितली तर ती खरी.

४. थेट ओंकारेश्वरची बस मिळाली नाही तर?

थांबत बसू नका. खंडवा किंवा बुऱ्हाणपूरची कोणतीही गाडी घ्या, ती मोरटक्क्यावरूनच जाते. सनावदमार्गे जाणारी खरगोनची गाडीही चालते. चढतानाच "मोरटक्का उतार देना" असं सांगून ठेवा. तिथे फाट्यावर टेम्पो, मॅजिक, रिक्षा उभ्या असतात, त्या भरल्या की सुटतात आणि अर्ध्या तासात ओंकारेश्वरला सोडतात. मी स्वतः निम्म्या वेळा असंच जाते. सामान जास्त असेल किंवा सोबत म्हातारं माणूस असेल, तरच थेट गाडीची वाट पाहा.

५. किती वाजता निघावं?

पहाटेच्या गाडीनं. साडेपाच-सहाला इंदूर सोडलंत तर नऊच्या आत घाटावर असाल. तेव्हा रांग आवाक्यात असते, पायऱ्या तापलेल्या नसतात आणि दुपारी देऊळ नैवेद्यासाठी बंद होण्याआधी (प्र. ११) दर्शन होऊन जातं. "पोहे खाऊन आरामात निघू" म्हणणारे नेमके भर बाराला, डोक्यावर ऊन आणि समोर मिटलेला दरवाजा, अशा वेळी पोहोचतात. पोहे डब्यात घ्या. मधली भूक बडवाहला भागते. तिथला लाल चिवडा प्रसिद्ध आहे, येताना घरीही आणा.

६. घाटात बस लागते. काही उपाय?

पुढच्या चाकाच्या आसपासची, खिडकीची जागा. रिकाम्या पोटी बसू नका, पण दूध-चहावरही निघू नका. आलेपाक जवळ ठेवा. सिमरोल ते बलवाडा एवढाच त्रासाचा टप्पा आहे, पुढे निमाडचा सपाट मुलूख लागतो.

७. मोरटक्क्याच्या पुलावर सगळे खिडकीतून नाणी टाकतात. टाकायची का?

पुलावर गाडी आली की कुणीतरी "नर्मदे हर" म्हणतं आणि अख्खी बस त्याला साथ देते. तो क्षण मला अजूनही अंगावर काटा आणतो. पुढच्या बाकावरची निमाडी बाई गाठोडं बाजूला सारून उठते, हात जोडते, पोराचं डोकं धरून खिडकीकडे वळवते. हात तुम्हीही जोडा. नाणं मात्र चालत्या गाडीतून टाकू नका. निम्मी नाणी कठड्यावर आपटून रस्त्यावर पडतात, आणि ती उचलायला मुलं गाड्यांच्या मध्ये धावतात. तेच नाणं घाटावर नावाड्याच्या हातात जास्त उपयोगी पडेल.

८. बस जिथे सोडते तिथून बेटावर कसं जायचं? नाव घ्यावीच लागते का?

घ्यावीच लागते असं नाही. बेटाला जोडणारे दोन पादचारी पूल आहेत, एक जुना आणि दुसरा लोखंडी दोरांचा, ज्याला सगळे झूला पूल म्हणतात. बसस्थानकापासून पुलापर्यंत बाजारातून पायी वाट आहे, ज्यांना चालवत नाही त्यांना ई-रिक्षा मिळते. पूल ओलांडला की दुकानांच्या गल्लीतून थेट देऊळ.

नाव घ्यायची तर दक्षिण काठावरच्या घाटावर उतरायचं, गोमुख घाट किंवा जवळचा कुठलाही, आणि नावेतून समोरच्या कोटितीर्थ घाटाला लागायचं. पाण्यावर जेमतेम पाच-दहा मिनिटं जातात.

मला विचाराल तर जाताना नाव, येताना पूल. पुलावरून जाताना बेट म्हणजे गर्दीच्या डोक्यांपलीकडचा एक डोंगर असतो. नावेत बसलात की ते हळूहळू वर वर येतं. आधी घाटाच्या ओल्या पायऱ्या, त्यावर कपडे पिळणाऱ्या बाया, मग एकावर एक रचलेली घरं, मग शिखर, आणि डोंगरमाथ्यावर बाल शंकराचार्यांची १०८ फुटांची मूर्ती, जी सप्टेंबर २०२३ मध्ये उभी राहिली. शंकराचार्यांना गोविंद भगवत्पाद हे गुरू याच ठिकाणी भेटले अशी परंपरा आहे. लहान मुलांना ही गोष्ट नावेतच सांगावी, समोर सगळं दिसत असतं.

९. नावेचं भाडं किती? फसवणूक होते का?

नावाडी पहिला प्रश्न विचारतो, "सवारी में बैठोगे कि पूरी नाव?" याचा अर्थ नीट समजून घ्या. सवारी म्हणजे माणशी भाडं, नाव भरली की सुटणार. पूरी नाव म्हणजे सगळी नाव तुमची, लगेच सुटणार, भाडं अर्थात काही पट. तीन-चार जण असाल तर सवारीत बसा, दहा मिनिटांत नाव भरते. दहा-बारा जणांचं कुटुंब असेल तर पूरी नाव परवडते.

पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी तोंडानं स्पष्ट ठरवा: नुसतं पलीकडे सोडायचं की संगमापर्यंत फिरवून आणायचं, परत आणण्याचे पैसे यातच आहेत का, आणि तिकडे किती वेळ थांबणार. तक्रारी ज्या कानावर येतात त्या बहुतेक इथल्याच. एकानं "घुमा देंगे" म्हटलेलं असतं आणि दुसऱ्यानं "सोडतील" असं ऐकलेलं असतं. दर सणाच्या दिवशी वाढतात, तेव्हा शेजारच्या दोन नावांना विचारूनच ठरवा. पण दहा रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालू नका. या माणसांची पोटं याच पाण्यावर आहेत, आणि पावसाळ्यात कित्येक दिवस त्यांच्या नावा बांधलेल्याच राहतात.

१०. नाव सुरक्षित असते का? धरण जवळ आहे म्हणे.

हा प्रश्न कमी लोक विचारतात, आणि सगळ्यांनी विचारायला हवा.

ओंकारेश्वर धरण बेटाच्या अगदी वरच्या अंगाला आहे. झूला पुलावरून त्याची भिंत दिसते. तिथे ६५ मेगावॅटची आठ यंत्रं, एकूण ५२० मेगावॅट वीज तयार होते. यंत्रं सुरू झाली की खाली पाणी येतं, थांबली की उतरतं. म्हणून इथली पातळी दिवसभरात वर-खाली होते, आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. तो वाजला की पात्रातल्या खडकांवर असाल तर लगेच वर या, फोटो राहू दे.

एकदा आम्ही घाटाच्या खालच्या कोरड्या पायरीवर चपला काढल्या आणि चार पायऱ्या बाजूला आंघोळीला उतरलो. मुलाचं डोकं पुसून मागे वळते तो त्याची एक चप्पल पाण्यावर तरंगत होती आणि दुसरी दिसतच नव्हती. दहा मिनिटंही झाली नसतील. पाणी एकच पायरी चढलं होतं, पण पाय घसरायला एक पायरी पुरते. तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे, सामान नेहमी ओल्या खुणेच्या वर चार पायऱ्या.

एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावस्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक भाविक वरून इंदिरासागर धरणातून आलेल्या पाण्यात वाहून गेले. निमाडात ती आठवण आजही ताजी आहे, म्हणून इथले जुने लोक भोंग्याला इतका मान देतात.

नावेबद्दल सांगायचं तर लाइफ जॅकेट मागा, आणि नुसतं मांडीवर न ठेवता घाला, मुलांना आधी. नावेचा काठ पाण्यापासून हातभर वर दिसत नसेल तर ती नाव सोडून द्या. फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की नाव कलते, नावाडी ओरडतो ते उगाच नाही. अंधार पडल्यावर नाव घेऊ नका, पूल आहे.

११. देवळाच्या वेळा काय?

पहाटे पाचच्या सुमारास मंगल आरतीनं उघडतं. दुपारी साधारण सव्वाबारा ते सव्वाएक नैवेद्यासाठी बंद. चारच्या सुमारास शृंगारासाठी पुन्हा थोडा वेळ थांबावं लागतं. रात्री साडेआठच्या पुढे शयन आरती. मुक्काम असेल तर ती चुकवू नका. देवासमोर शय्या मांडतात आणि शंकर-पार्वतीला खेळायला सारीपाट मांडून ठेवतात.

आत गेल्यावर गोंधळू नका, पिंडी शिखराच्या बरोबर खाली नाही, बाजूला आहे. वर महाकालेश्वर, सिद्धनाथ, गुप्तेश्वर, ध्वजेश्वर असे मजले आहेत. पुष्कळ जण खालूनच परततात.

१२. खरं ज्योतिर्लिंग कुठलं, ओंकारेश्वर की ममलेश्वर?

आपण लहानपणी पाठ केलेल्या स्तोत्रातच उत्तर आहे, "ओंकारममलेश्वरम्". दोन्ही मिळून एक मानतात, दोन्हींचं दर्शन घ्या. ममलेश्वर दक्षिण काठावर असल्यानं पूल ओलांडून परत आलात की वाटेतच पडतं, नाव लागत नाही. देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे, शांत आहे. भिंतींवर शिवमहिम्न स्तोत्र कोरलेलं आहे, लेखाचा काळ इ.स. १०६३. होळकरांच्या इंदुरातून येणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. मातीची इवली इवली पार्थिव लिंगं करून पूजायची आणि नर्मदेत सोडायची ही इथली प्रथा अहिल्याबाईंनी लावून दिलेली आहे.

१३. सोबत आजी-आजोबा आहेत. नाव सोपी पडेल ना?

उलट आहे. नाव तुम्हाला घाटाच्या तळाशी सोडते, आणि तिथून देवळापर्यंत उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात. पाणी उतरलेलं असेल तर आणखी खालून (कारण प्र. १० मध्ये). शिवाय हलत्या नावेतून ओल्या पायरीवर पाय टाकणं हेच दुखऱ्या गुडघ्यांना सगळ्यात अवघड जातं. म्हाताऱ्यांना ई-रिक्षानं पुलाच्या तोंडाशी न्या आणि पुलावरून सावकाश चालवा. नावेची हौस असेल तर दर्शन झाल्यावर, दक्षिण काठावरच्या सोयीच्या घाटावरून संगमापर्यंतची फेरी घ्या आणि त्याच घाटावर परत या, म्हणजे चढ एकदाच. माझ्या आईला आम्ही असंच नेतो. नावाड्याला आधी सांगितलं तर तो नाव पायरीला बांबूनं दाबून धरतो आणि स्वतः हात देतो.

१४. बेटाची परिक्रमा नावेतून होते का? पायी किती चालावं लागतं?

नावांची नेहमीची फेरी म्हणजे संगमापर्यंत जाऊन परत. मनात परिक्रमाच असेल तर पायी करा, सात किलोमीटरची बांधलेली वाट आहे आणि रमतगमत तीन तास लागतात. कडेनं शिळांवर गीतेचे श्लोक कोरलेले आहेत.

देवळापासून पश्चिमेला संगमापर्यंत वाट सोपी. तिथे ऋणमुक्तेश्वर, ज्याला हरभऱ्याची डाळ वाहतात. डाळीची पुडी शक्यतो पिशवीच्या तळाशी ठेवा, वाटेवरची माकडं पुडी ओळखतात. पुढे चढ लागतो. वर गौरी सोमनाथ, आतली पिंडी इतकी मोठी की मामा-भाच्यांनी मिळूनच कवेत घ्यायची अशी समजूत. त्याच्या पुढचं सिद्धनाथ मला बेटावरचं सगळ्यात सुंदर देऊळ वाटतं. छप्पर नाही, खांब अर्धे उभे, आणि जोत्याभोवती दगडी हत्तींची रांग. काहींच्या सोंडा तुटल्या आहेत, पण एका हत्तीच्या पायाखाली चिरडलेला माणूस अजून स्पष्ट ओळखू येतो. हात लावून पाहिलं तर सकाळी आठलाही दगड गार असतो. दुपारी त्याच दगडावर पाय ठेवता येत नाही, म्हणून अनवाणी जायचं ठरवलं असेल तर सूर्य वर यायच्या आत निघा.

१५. श्रावणी सोमवारी जायचं आहे. गर्दी कधी असते? आमच्या कालनिर्णयात तर श्रावण अजून लागलेला नाही!

इंदूरच्या मराठी घरांना हा घोळ सवयीचा आहे, बाहेरून येणारे मात्र दरवर्षी फसतात. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे इथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला आषाढ चालू असतो तेव्हाच इथले पहिले सोमवार सुरू झालेले असतात. आपल्या श्रावणाचा उत्तरार्ध इथे भाद्रपद असतो. उज्जैनच्या महाकालाची सवारी भाद्रपदातल्या पहिल्या पंधरवड्यातही निघते, म्हणजे दोन्ही पंचांगांचे सोमवार साधतात.

सोमवारी ओंकारेश्वर-ममलेश्वराच्या पालख्या घाटावर येतात आणि देव नावेतून नर्मदेत विहार करतात. गुलाल, ढोल, दोन्ही काठांवर माणसंच माणसं. पाहण्यासारखं आहे, पण तान्ही मुलं आणि आजारी माणसं घेऊन नाही. त्याच काळात ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन उज्जैनला पायी जाणारे कावडिये रस्त्यावर असतात, वाहतूक वळवतात, आणि बसला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. शांत दर्शन हवं असेल तर आपल्या श्रावणाच्या उत्तरार्धातला मंगळवार किंवा बुधवार निवडा.

महाशिवरात्र, नर्मदा जयंती, कार्तिकी पौर्णिमा आणि सोमवती अमावास्येलाही हीच गर्दी.

१६. पावसाळ्यात गेलं तर चालेल का?

हिरवागार घाट पाहायचा तर हाच काळ. पण नर्मदा चढली की आधी नावा बंद होतात, मग घाट. सप्टेंबर २०२३ च्या महापुरात मोरटक्क्याचा पूलच बंद करावा लागला, इंदूर–खंडवा रस्ता तुटला आणि ओंकारेश्वरच्या काठची दुकानं पाण्यात गेली. वरच्या भागात दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस असेल, तर बेत पुढे ढकला. लांबच्या वाटेनं वळसा घालून पोहोचलात तरी नदीकाठी उभं राहू देत नाहीत.

१७. एका दिवसात जाऊन येता येईल? परतीची शेवटची बस?

येतं. दुपारी चारच्या आत परतीच्या वाटेला लागा. संध्याकाळनंतर थेट इंदूरच्या गाड्या विरळ होत जातात. उशीर झालाच तर मोरटक्क्याला या, खंडव्याकडून येणाऱ्या गाड्या तिथून मिळतात (प्र. ४ च्या उलट). परिक्रमा करायची असेल (प्र. १४) किंवा शयन आरती पाहायची असेल तर मुक्कामच करा.

१८. आगगाडी नाही का?

होती, आणि फार देखणी होती. होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचं कर्ज देऊन खंडवा–इंदूर रेल्वे आणवली. पातालपाणी, कालाकुंड, चोरलवरून ती मीटरगेज मोरटक्क्याला जायची, तिथल्या स्थानकाचं नावच ओंकारेश्वर रोड. महूकडून येणारी ही मीटरगेज गाडी २०२३ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. पातालपाणी–कालाकुंड एवढ्या टप्प्यात २०१८ पासून पर्यटकांसाठी वारसा गाडी आहे, तिनं ओंकारेश्वर गाठता येत नाही.

महाराष्ट्रातून फक्त ओंकारेश्वरलाच जायचं असेल तर इंदूरला येऊच नका. भुसावळमार्गे येणाऱ्या गाडीनं खंडव्याला उतरा, तिथून बस.

१९. घाटावर विकतात ते बाणलिंग नर्मदेतलेच असतात का?

दगड नर्मदेचा असतो, आकार बहुधा हातानं दिलेला. खरगोन जिल्ह्यातलं बकावाँ गाव याच कामासाठी ओळखलं जातं. आपोआप घडलेली लिंगं ज्या धावडी कुंडात मिळत, तो भाग धरणाच्या पाण्याखाली गेला. "स्वयंभू" म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. घडवलेल्याची योग्य किंमत मात्र द्या, त्यामागे कारागिराचे श्रम आहेत.

२०. सैलानी टापू, हनुवंतिया हेच का ते बेट?

नाही. सैलानी ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्यात आहे, हनुवंतिया इंदिरासागरच्या. दोन्ही सहलीची ठिकाणं, देवदर्शनाशी संबंध नाही, आणि घाटावरच्या नावा तिथे जात नाहीत.

२१. माझी आई नर्मदा परिक्रमेत आहे, आता ओंकारेश्वरला पोहोचते आहे. आम्ही इंदूरहून येऊन तिला बेटावर भेटावं म्हणतो. जमेल?

बेटावर नको, दक्षिण काठावर भेटा. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत, ना पुलावरून, ना नावेतून. बेटावर जायचं म्हणजे प्रवाह ओलांडणं आलं. म्हणून परिक्रमा चालू असताना ते ममलेश्वराचं दर्शन घेतात आणि ओंकारेश्वराला या काठावरूनच हात जोडतात. तुम्ही परिक्रमेत नाही, तुम्हाला मोरटक्क्याचा पूल आणि नाव दोन्ही मोकळं आहे. फक्त "चल गं, पाच मिनिटांची तर नाव आहे" असा आग्रह तिला करू नका. तिला ते नाही म्हणायलाही जड जाईल.

२२. मग परिक्रमेत नाव कधीच नाही?

एकदाच, समुद्रात. गुजरातेत विमलेश्वर-कठपोरकडून मिठी तलाईला जाताना, जिथे नदी संपून खाडी लागते तिथे.

ओंकारेश्वरहून परिक्रमा उचललेली माणसं पुन्हा गोमुख घाटावर येऊन ती पूर्ण करतात आणि मग जवळचं नर्मदाजल घेऊन बेटावर ओंकारेश्वराला वाहतात. माझी आत्या परतली तेव्हा आम्ही सगळे घाटावर होतो. भावानं विचारलं, पुलावरून नेऊ का, पाय सुजलेत तुझे. ती म्हणाली, नाव बघ. नावेत ती मध्ये बसली, जलाची बाटली दोन्ही हातांत धरून, आणि नाव सुटल्यावर पहिल्यांदा वाकून तिनं पाण्यात हात घातला. तुमच्या आईची परिक्रमा पूर्ण व्हायची असेल त्या दिवशी पूरी नाव ठरवा, आणि नावाड्याला आधी सांगून ठेवा की परिक्रमावासी आहेत. तो नाव सावकाश नेतो.